गृहमाता म्हणजे नक्की कोण? वॉर्डन आणि गृहमाता यांत फरक काय?

माझी आई मुलींच्या बालगृहात गृहमाता होती, म्हणून लिहिते.

वॉर्डन किंवा अधीक्षिका इमारत, रजिस्टर आणि सह्या सांभाळते. गृहमाता मुली सांभाळते. वेण्या, उवा, गृहपाठ, पहिली पाळी, रात्रीचा ताप, सगळं तिच्याकडे. बाल न्याय कायद्याच्या २०१६ च्या नियमांत हे पद आहे, त्यामुळे तिला 'आया' म्हणू नका.

एका दिवाळीत तिथली एक मुलगी जिन्यावरून पडली, हात मोडला. आई तिला घेऊन दवाखान्यात गेली आणि रात्रभर तिथेच बसली. ऑपरेशनच्या कागदावर आईची सही चालेना, अधीक्षिका हव्या होत्या. त्या सकाळी आल्या, सही केली, गेल्या. शुद्धीवर आल्यावर मुलीने हाक मारली ती आईला. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. मी आणि माझा भाऊ काकांकडे. आई दुपारी पोचली आणि जेवताना एवढंच म्हणाली, की या रात्रीची बदली सुट्टी मागणार आहे, नाहीतर जादा पैसे. काका सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, माता म्हणवून घेता आणि आईपणाचे पैसे मागता?" आई गप्प बसली. मला ते आजही सहन होत नाही. संस्थेने सुट्टीही दिली नाही आणि पैसेही नाहीत, कारण तिथेही हेच बोलणं होतं.

हे पद जुनं आहे. इंग्लंडमध्ये डॉ. बर्नार्डो यांनी १८७६ मध्ये बार्किंगसाइडला मुलींचं गाव वसवलं. बराकींऐवजी छोटी घरं, प्रत्येक घरात एक 'मदर'. युद्धानंतर, १९४९ मध्ये, ऑस्ट्रियातल्या इम्स्टला हेर्मान ग्माइनर यांनी एसओएस बालग्राम सुरू केलं, तेही एका आईभोवतीच्या घरांचं. आपल्याकडे येरवड्याला आणि अलिबागजवळ तशी बालग्रामं आहेत. अमेरिकेतल्या कॉलेजांत मात्र हाउसमदर म्हणजे मुली रात्री वेळेत परतल्या का ते बघणारी बाई. १९६० च्या दशकात विद्यार्थ्यांनी असल्या बंधनांविरुद्ध आवाज उठवला आणि तिचा तो अधिकार सैल झाला.

माझं मत स्पष्ट आहे. 'माता' म्हटलं की चोवीस तास राबवून घेता येतं, म्हणून हा शब्द संस्थांना आवडतो. माया लावणाऱ्या बाईलाही घरभाडं भरावं लागतं, तिला स्वतःची मुलं असतात. आईने त्या रात्रीचे पैसे मागितले ते बरोबरच होतं, आणि काका हे वाचत असतील तर त्यांनाही हेच सांगणं आहे.

सगळ्याच गृहमाता चांगल्या नसतात, हेही खरं. मुलींना मारणाऱ्याही मी पाहिल्यात. आणि अनेक संस्थांत अधीक्षिका स्वतःच मुलींचं सगळं करतात.

तुम्ही या पदासाठी अर्ज करणार असाल, तर मुलाखतीतच विचारा: निवासी आहे का, रात्रपाळी किती, आठवड्याची सुट्टी कुठली, आणि तुम्ही सुट्टीवर असताना मुलींजवळ कोण झोपणार. उत्तर लेखी घ्या.