'बॉडी मॉडिफिकेशन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या टॅटू-पिअर्सिंगवाल्यांवरचा एक लेख मराठीत आणताना प्रश्नकर्तीने 'बॉडी मॉडिफिकेशन'साठी, म्हणजे हौसेने अंगावर करून घेतलेल्या अशा बदलांसाठी, 'शरीराचं विद्रूपीकरण' लिहिलं. संपादकाने ते खोडून 'देहसंस्कार' केलं. यातलं बरोबर काय?

माझ्या मते दोन्ही शब्द चालणार नाहीत. 'विद्रूपीकरण' म्हटलं की निकाल आधीच लागला. ज्याने हौसेने, पैसे मोजून जीभ दुभंगून घेतली, त्याच्या लेखी ते रूप खुलवणं आहे. 'फेरफार'ही सुचेल, पण त्याला तलाठी कार्यालयाचा किंवा खोट्या कागदपत्रांचा वास येतो.

'देहसंस्कार' कानाला गोड लागतो, आणि घोटाळा तिथेच आहे. कर्णवेध हा संस्कार खराच. पण बाराव्या दिवशी सोनार कान टोचतो तेव्हा बाळाला कोण विचारतं? आजीच्या हनुवटीवरचे तीन ठिपके, हातावरचं तुळशीवृंदावन गोंदणारणीने सुयांनी टोचलं, तेव्हा घरच्यांनी तिला धरून बसवलेलं असायचं. मेल्यावर सोबत गोंदणच येतं, अशी समजूत. संस्कार आपल्यावर दुसरे करतात आणि त्याने माणूस घराचा, जातीचा, गावाचा होतो. पाश्चात्त्य बॉडी मॉडिफिकेशनची धारणा नेमकी उलटी: देह माझा, त्याचं काय करायचं ते मी ठरवणार, घरच्यांना पटो न पटो.

ही मंडळी आली कुठून तेही बघावं. जिम वॉर्डने १९७५ साली लॉस एंजेलिसमध्ये 'गॉन्टलेट' हा पिअर्सिंगचा व्यवसाय घरातूनच सुरू केला. सुरुवातीचं गिऱ्हाईक मुख्यतः समलिंगी पुरुषांच्या 'लेदर' वर्तुळातलं, म्हणजे चामडी पोशाखाची आणि त्याभोवतीच्या कामजीवनाची हौस असलेल्यांचं. त्याच्या ओळखीतला रोलंड लूमिस (१९३०–२०१८) स्वतःला फकीर मुसाफर म्हणवायचा. दक्षिण डकोटात वाढलेला माणूस, आणि नाव हे! अंगात गळ अडकवून लटकणं, तमिळ भाविकांसारखी कावडी (अंगात सळया रुतवणारी चौकट) अंगावर घेणं, असले प्रयोग तो स्वतःवर करी आणि त्यांना आध्यात्मिक साधना मानी. 'मॉडर्न प्रिमिटिव्ह' ही संज्ञा त्याचीच. त्याच नावाचं पुस्तक १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निघालं आणि शब्द सर्वतोमुखी झाला. मराठीत 'आधुनिक आदिम' करता येईल, पण दुसऱ्यांचे आजही चालणारे विधी उचलायचे आणि त्यांनाच 'आदिम' म्हणायचं, ही त्या नावातली खोट भाषांतरातही राहणारच. आपल्याकडे बगाडाला पूर्वी पाठीत गळ टोचत, वाईजवळच्या बावधनात आता बगाड्याला कापडाने बांधतात. तो लटकतो देवासाठी, गावासमोर. फकीर मुसाफर लटकत होता स्वतःच्या शोधात. वेदना तीच असेल, पण दोन्हींना एक शब्द लावला की फरक पुसला जातो.

'माझा देह' याला कायद्याने कुठे अडवलं, तेही या शब्दाच्या अर्थात धरायला हवं. इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनच्या एका टॅटूवाल्याने गिऱ्हाइकांच्या राजीखुशीने एकाचा कान कापून काढला, एकीची जीभ दुभंगली. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की संमती हा इथे बचाव होत नाही. टॅटू आणि पिअर्सिंग वेगळं, कान कापणं किंवा जीभ दुभंगणं त्यात बसत नाही. ही वैद्यकीय कारण नसलेली शस्त्रक्रियाच झाली. पुढच्या वर्षी तो तुरुंगात गेला. म्हणजे हौशी लोक ज्याला बॉडी मॉडिफिकेशन म्हणतात, त्यातलं काही तिथल्या कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत ठरतं.

आता प्रश्नकर्तीने करावं काय? 'देहघडण' मला आवडला असता, पण वाचक थेट व्यायामशाळेत पोचेल. 'देहबदल' साधा आहे, कुणाची बाजू घेत नाही, म्हणून लेखात तोच वापरावा. पंथ म्हणून उल्लेख असेल तिथे 'बॉडी मॉडिफिकेशन' सरळ देवनागरीत ठेवावं, टॅटूसारखंच तेही रुळेल. एकेका कृतीला मात्र आपली क्रियापदं तयारच आहेत: गोंदवून घेणं, टोचून घेणं, डाग देणं, चरे पाडणं. त्यातलं 'घेणं' गाळू नका. 'त्याची जीभ टोचली' आणि 'त्याने जीभ टोचून घेतली' या दोन वाक्यांत अख्ख्या पंथाचं म्हणणं येतं.