ऑफिस सांभाळून पिल्लाला शी-शूची सवय

अगं, कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू फार तर दोन-तीन तास शू धरू शकतं, त्यामुळे तू नऊ तास बाहेर असताना घरात शू झाली तर तो त्याचा दोष नाहीच. दुपारी एकदा तरी कुणीतरी यायलाच हवं, शेजारच्या काकू, कामवाल्या मावशी, कुणीही, नाहीतर पहिले १५ दिवस सुट्टी किंवा वर्क फ्रॉम होम घेच. झोपून उठलं, खाल्लं, खेळून झालं की लगेच ठरलेल्या जागी न्यायचं आणि केलं की तिथल्या तिथे खाऊ द्यायचा, घरात आल्यावर दिलास तर त्याला काही कळत नाही. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर नको, पार्वोची (कुत्र्यांमध्ये पसरणारा जीवघेणा आजार) भीती असते, बाल्कनीत पेपर घाल. आणि नाक घासणं, ओरडणं अजिबात नको गं, पिल्लू मग लपून करायला लागतं.