आफ्रिकेतल्या खेड्यांत आरोग्य-शिक्षणाचं काम करणाऱ्या संस्थांना देणगी दिल्याने खरंच काही बदलतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की दर महिन्याला थोडे पैसे बाजूला काढून आफ्रिकेतल्या खेड्यांसाठी द्यायचे आहेत, त्याने काही फरक पडतो का, आणि द्यायचेच तर शाळेची इमारत, विहीर की पुस्तकं, कशाला द्यावेत. आफ्रिकेत पन्नासहून जास्त देश आहेत, त्यामुळे मी मला माहीत असलेल्या पश्चिम केनियाबद्दलच मुख्यतः बोलतो. नोकरीनिमित्त तिथल्या किसुमू शहरात राहतो आणि फावल्या वेळात इथल्या एका छोट्या ट्रस्टचे हिशेब बघतो. पावत्या आणि एम-पेसाचे, म्हणजे इथल्या मोबाइलवरच्या पैसे-व्यवहाराचे, मेसेज चाळले की पैसा कुठे मुरतो आणि कुठे उगवतो ते बऱ्यापैकी कळतं.

फरक पडतो. पण तो बहुतेक वेळा अशा कामाने पडतो ज्याचा फोटो काढावासा कुणाला वाटत नाही. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टींना मी खालचा नंबर देईन.

पुस्तकांचंच बघा. किसुमूच्या वायव्येला, युगांडाच्या सीमेला लागून बुसिया आहे. १९९० च्या दशकात तिथे एका डच संस्थेने १०० शाळा निवडून त्यातल्या २५ शाळांना आधी पाठ्यपुस्तकं दिली, म्हणजे बाकीच्यांशी तुलना करता येईल. अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकाल तपासले. सरासरी गुणांत काही फरक नाही! वर्गात आधीपासून पुढे असलेल्या मुलांना तेवढा फायदा झाला. कारण पुस्तकं इंग्रजीत. तिथलं मूल घरी लुह्या, तेसो नाहीतर लुओ बोलतं, बाजारात स्वाहिली, आणि इंग्रजी त्याची तिसरी भाषा. शहरातल्या सुखवस्तू मुलाला डोळ्यांसमोर ठेवून आखलेला अभ्यासक्रम त्याच्या हातात कोरा करकरीत देऊन काय होणार?

त्याच बुसियात जंताच्या गोळ्यांचा प्रयोग झाला, ७५ शाळांत, १९९८ पासून. अल्बेंडाझोल आपल्या ओळखीचं आहे. आपल्याकडेही जंतनाशक दिनाला शाळेत हीच गोळी देतात. व्हिक्टोरिया सरोवराच्या जवळच्या भागात बिलहार्झियाचाही, म्हणजे पाण्यातून शरीरात शिरणाऱ्या जंताचाही, त्रास असतो, त्याला प्राझिक्वांटेल हे वेगळं औषध द्यावं लागतं. गोळ्या दिलेल्या शाळांतली गैरहजेरी साधारण एक चतुर्थांशाने कमी झाली. ज्यांनी गोळी घेतली नाही त्या शेजारच्या मुलांनाही फायदा झाल्याचं दिसलं, कारण मातीतून पसरणारी लागणच कमी झाली. परीक्षेतले गुण मात्र वाढले नाहीत, हेही सांगायला हवं. पुढे २०१५ मध्ये हीच आकडेमोड पुन्हा तपासली गेली आणि त्यावर तज्ज्ञांत चांगलीच जुंपली. पण त्याच मुलांचा माग वीस वर्षं काढल्यावर, मोठेपणी त्यांची तासाची कमाई सुमारे १३ टक्के जास्त निघाली. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासोबत क्रेमरना २०१९ चं नोबेल मिळालं, त्यात बुसियाच्या या धुळीच्या रस्त्यांचा वाटा मोठा.

या प्रयोगातला एक भाग मला सगळ्यात उपयोगाचा वाटतो. काही शाळांत गोळीसाठी पालकांकडून थोडी फी घ्यायची असं ठरलं, हेतू हा की काम देणगीवर अवलंबून राहू नये. जिथे फुकट असताना चारातली तीन मुलं गोळी घेत होती, तिथे फी लावल्यावर पाचातलं एकही धड घेईना. मच्छरदाण्यांचंही तेच. जेसिका कोहेन आणि पास्कलिन दुपास या अर्थशास्त्रज्ञांनी इथल्याच दवाखान्यांत गरोदर बायकांना वेगवेगळ्या किमतीला मच्छरदाण्या देऊ केल्या. फुकटऐवजी ०.६० डॉलर किंमत ठेवली की घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्के अंकांनी कोसळलं. फुकट मिळालेली मच्छरदाणी लोक वापरत नाहीत, मासे धरायला नेतात, हे किसुमूच्या क्लबात बसून सांगणारे खूप भेटतात. प्रत्यक्षात फुकटवाल्या बायकांनी पैसे मोजणाऱ्यांइतक्याच त्या वापरल्या. 'फुकट दिलं की किंमत राहत नाही' हा आपला लाडका सिद्धांत आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता पाणी. विहिरीला देणगी मागणारे तुम्हाला सर्वांत जास्त भेटतील. दक्षिण आफ्रिकेत निघालेला प्लेपंप आठवतो का कुणाला? मुलांनी गोल चक्रावर खेळायचं आणि त्या फिरण्याने पाणी वर टाकीत चढायचं. २००६ मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी त्यासाठी १.६४ कोटी डॉलरची घोषणा केली. २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचे होते. एका पंपाच्या खर्चात चार साध्या विहिरी झाल्या असत्या. शिवाय ठरलेल्या लोकांना पुरेल इतकं पाणी यायचं तर मुलांनी दिवसाला २७ तास खेळायला हवं, असा हिशेब एका ब्रिटिश वर्तमानपत्राने २००९ मध्ये मांडला. शेवटी ते जड चक्र बायकाच ढकलत बसल्या. बिघडलं तर गावात दुरुस्त करणारा कुणी नाही.

इथे झऱ्यांवर जे दिसतं ते याच्या अगदी उलट टोकाचं आहे. झऱ्याच्या पाइपाशेजारी एक खांब, त्यावर क्लोरीनच्या पातळ द्रावणाची टाकी, खाली एक खटका. पिवळा २० लिटरचा जेरीकॅन, बहुतेकदा पूर्वी खाद्यतेलाचा असलेला, बाई आधी त्या खटक्याखाली धरते, एकदा फिरवते, नेमकी मात्रा आत पडते. मग पाइपाखाली लावते. घरी पोचेपर्यंत हिंदकळून मिसळून जातं. यात वीज नाही, मोजमाप नाही, बाटली विकत आणायची नाही. गावानेच निवडलेला एक माणूस टाकी भरून ठेवतो आणि ती रिकामी झाली की कळवतो. केनिया, युगांडा, मलावीत एव्हिडन्स अॅक्शन ही संस्था हे चालवते. क्लोरीनचा वास येतो म्हणून तक्रार करणाऱ्या म्हाताऱ्या इथेही आहेत. पण काम चालतं, कारण क्लोरीनची गाडी ठरल्या वेळी येते. त्या गाडीचं डिझेल आणि चालकाचा पगार हीच खरी देणगीची जागा.

आणि नेमकं इथेच देणगीदारांचा हात आखडतो. आमच्या वहीत सगळ्यात जास्त वाद 'प्रवासखर्च' या ओळीवरून होतो. आरोग्यसेविका बोडा-बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, चार वाड्यांत फिरणार, बाळाचं वजन घेणार, ताप असला तर मलेरियाची तपासणी करणार. त्या भाड्याला देणगीदार म्हणतो 'ओव्हरहेड', म्हणजे वरखर्च, आणि काट मारतो. त्याच माणसाला शाळेच्या भिंतीवर स्वतःच्या नावाची पाटी मात्र हवी असते. बराच काळ या आरोग्यसेविका इथे जवळपास फुकटच राबायच्या. २०२३ मध्ये केनिया सरकारने एक लाख जणांना किट दिलं आणि महिन्याला मानधन ठरवलं, तेव्हा कुठे आपल्या आशाताईंसारखं काहीतरी आकाराला आलं.

शिक्षणाबाबत तुम्हाला बरं वाटेल अशी गोष्ट मुंबईतून निघाली आहे. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांच्या 'प्रथम'ने वस्त्यांमध्ये जी पद्धत बसवली, ती आज झांबियाच्या सरकारी शाळांत चालते. इयत्ता बाजूला ठेवायची, मुलाला अक्षर येतं, शब्द येतो की परिच्छेद, एवढं बघायचं आणि त्या पातळीप्रमाणे गट करून रोज काही वेळ त्याच्या भाषेतच शिकवायचं. पाचवीतल्या मुलाला दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, हे तिथेही आहे आणि आपल्याकडेही. पण सरकारला जोडलं की झालं, असंही समजू नका. केनियात कंत्राटी शिक्षक नेमायचा एक प्रयोग झाला. संस्थेने राबवला तिथे मुलांचे गुण वाढले, सरकारने राबवला तिथे परिणाम शून्य. शिक्षकांचा पगारच वेळेवर होईना, मग काय!

शेवटपर्यंत तडीला गेलेलं काम बघायचं असेल तर नारू बघा. हा आजार आपल्या आजी-आजोबांना नीट माहीत आहे. पायातून दीड-दोन हात लांबीचा जंत बाहेर यायचा आणि तो काडीला गुंडाळत दिवसेंदिवस ओढायचा. १९८६ मध्ये आफ्रिका आणि आशियातल्या २० देशांत मिळून त्याचे सुमारे ३५ लाख रुग्ण होते. २०२३ मध्ये जगभरात १४. लस नाही, औषध नाही. कार्टर सेंटर ही अमेरिकी संस्था आणि त्या त्या देशांच्या सरकारांनी गावोगाव स्वयंसेवक नेमले, पाणी गाळायचं कापड वाटलं, तळ्यांत हा जंत पसरवणारे बारीक किडे मारायचं औषध टाकलं आणि ज्याच्या पायाला जखम आहे त्याला पाण्यात उतरू दिलं नाही. भारत २००० मध्ये नारूमुक्त ठरला, घाना २०१५ मध्ये.

दुसरी बाजूही असते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अचानक गोठवली, तेव्हा सरोवराकाठच्या या पट्ट्यात, जिथे केनियात एचआयव्हीचं प्रमाण सर्वाधिक आहे, अमेरिकी पैशांवर पगार होणारे दवाखान्यातले लोक घरी बसले. म्हणून संस्था निवडताना मी एवढंच विचारतो: तुमचे पैसे उद्या थांबले तर या गावात पुढच्या वर्षी कोण येईल, आणि त्याला पगार कोण देईल? उत्तरात सरकारी दवाखान्याचं किंवा शाळेचं नाव आलं, आणि किती टाक्या बंद पडल्या हे त्यांनी न विचारता सांगितलं, तर बिनधास्त द्या. अनाथाश्रमांपासून मात्र चार हात लांब राहा. तिथल्या पुष्कळ मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. तेच पैसे घरी मिळाले तर मूल घरीच राहील.

पैसे पाठवायचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेत परदेशी देणगी बसते, बँकेत जाऊन फॉर्म भरावा लागतो. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या पैशांवर ८०जीची, म्हणजे देणगीवरची प्राप्तिकरातली, सवलत मिळत नाही. दर महिन्याला हजार-दोन हजार पाठवलेत तर बँकेचं शुल्कच त्यातला बराच भाग खाईल. त्यापेक्षा वर्षभराचे साठवून एकदम पाठवा, आणि सोबतच्या पत्रात 'प्रवासखर्चाला वापरले तरी चालतील' असं स्पष्ट लिहा.