हौद्यातला गोळा आणि ट्रॉलीची पिन
वाचकांचे प्रश्न : वाहने व शेती अवजारे

प्रश्न : मी जनावरांची ने-आण करतो. माझ्याकडे दीड टनी पिकअप आहे. अमेरिकेत असलेल्या मावसभावानं तिकडच्या ट्रेलरचे फोटो पाठवलेत. ट्रेलरची मान वर उचलून पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या गोळ्यावर टेकते, त्याला गूजनेक म्हणतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असा गोळा करून घेऊन माझ्या गाडीला बसवता येईल का? एका खेपेला सहा म्हशी न्यायच्या आहेत. शिवाय तो मावसभाऊ तिकडे नवा पिकअप ट्रक घेतोय, त्यानं कोणता हिच (ट्रेलर जोडायचा सांधा) बघावा?
— एक वाचक, पेठ वडगाव

उत्तर : तुमच्या गाडीला बसवू नका. गोळा उद्यमनगरातला चांगला टर्नर सहज करून देईल, पण त्याखालची गाडी ते वजन पेलणार नाही.

मागच्या बंपरजवळ जोडलेल्या ट्रेलरचं १० ते १५ टक्के वजन गाडीवर येतं. गूजनेकमध्ये हाच आकडा १५ ते २५ टक्के असतो. आता तुमचा हिशेब मांडू. एक म्हैस सरासरी ४५० किलोची धरली तर सहा म्हशींचे २,७०० किलो होतात. रिकामा लोखंडी ट्रेलर २,००० किलोचा धरा. एकूण ४,७०० किलो, आणि त्याचे २० टक्के म्हणजे ९४० किलो एकट्या गोळ्यावर. दीड टनाच्या हौद्यात हे बसतं असं वाटेल. पण हौद्यात भरलेला माल तळभर पसरतो आणि हे ९४० किलो वीतभर जागेत येतात, तेही दर खड्ड्यात आपटत. ब्रेक मारला की म्हशी पुढे सरकतात आणि भार आणखी वाढतो. चेसीला गोळ्याच्या पट्ट्या जिथे जोडल्या असतील तिथूनच तडा जायला सुरुवात होते.

त्याहून मोठी अडचण थांबण्याची आहे. उरलेले पावणेचार टन ट्रेलरच्या चाकांवर असतात. तिकडे अशा ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात आणि ट्रकच्या केबिनमध्ये ते चालवणारा कंट्रोलर असतो. आपल्या पिकअपमध्ये ती सोय नाही. करूळ किंवा फोंडा घाट उतरताना गाडीपेक्षा जड ट्रेलर मागून ढकलू लागला तर पहिल्याच वळणावर गाडी आडवी होईल. कायद्याचंही बघा. नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करायला मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे मनाई आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं.

मग सहा म्हशी न्यायच्या कशा? वाहतुकीत एका गायी-म्हशीला किमान २ चौरस मीटर जागा द्यावी लागते, म्हणजे सहांना १२. तुमच्या हौद्यात हिशेबानं दोनच बसतात. २० फुटी हौद्याचा ट्रक भाड्यानं घेतलात तर सहाही रीतसर जातील. जनावरं मधूनमधून न्यायची असतील तर भाड्याचा ट्रकच परवडतो.

आता भावाचं. त्यानं हिच बघण्याआधी ट्रकच्या दाराच्या चौकटीवरचं लेबल वाचावं. मागच्या आसाची क्षमता आणि गाडीचं कमाल एकूण वजन त्यावर छापलेलं असतं. मग माणसं, डिझेल आणि हत्यारं भरून ट्रक काट्यावर चढवावा. कमाल वजनातून काट्याचा आकडा वजा केला की गोळ्यावर किती घेता येईल ते कळतं. जाहिरातीतला ओढण्याचा आकडा मोठा दिसतो, पण बहुतेक वेळा आधी संपतो तो हाच आकडा.

सर्वसाधारण गूजनेकचा गोळा २ ५/१६ इंची असतो. ३०,००० पौंड ट्रेलर आणि गोळ्यावर ७,५०० पौंड अशा क्षमतेचे हिच सर्रास मिळतात. त्याहून जड कामाला ३ इंची गोळा लागतो. ट्रेलरच्या कपलरचा, म्हणजे गोळ्यावर बसणाऱ्या वाटीचा, आकार आधी मोजावा, कारण लहान गोळ्यावर मोठा कपलर वरवर बसलेला दिसतो आणि उसळीत निसटतो. हौद्याखाली चेसीला बोल्टनं जोडला जाणारा, नेमक्या त्याच मॉडेलसाठी केलेला हिच घ्यावा. गोळा काढला की हौदा सपाट राहतो. ट्रक कारखान्यातूनच हौद्यात तयार भोकं घेऊन येत असेल तर जास्तीचे पैसे देऊन तोच घ्यावा. गोळा मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा दोन-चार इंच पुढे हवा. आसाच्या मागे गेला की पुढची चाकं हलकी होतात. हौद्याच्या कडा आणि ट्रेलरची मान यांत निदान ६ इंच अंतर हवं, नाहीतर उंचसखल जागी कड चेपते. हौदा साडेपाच फुटीच असेल तर काटकोनात वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनला लागतो का, हे मोकळ्या मैदानात माणूस उभा करून तपासावं.

प्रश्न : ४५ एचपीचा ट्रॅक्टर, दोन चाकी ट्रॉली. ऊस भरून शेतातून रस्त्यावर चढताना पुढची चाकं उचलतात. हूक वर घेतला तर थांबेल असं गावात सांगतात. घ्यावा का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : अजिबात घेऊ नका. हूक वर गेला की ट्रॅक्टर उलटण्याचा धोका वाढतो. हूक मागच्या आसाच्या मध्यापेक्षा खालीच राहिला पाहिजे.

ढोबळ आकडे घेऊ. ट्रॅक्टर २,२०० किलोचा, पुढच्या चाकांवर ८८० किलो, दोन आसांतलं अंतर २ मीटर, हूक मागच्या आसाच्या पाऊण मीटर मागे. भरलेल्या ट्रॉलीचे १,००० किलो हुकावर आले की पुढचे ३७५ किलो कमी होतात. चढावर ८०० किलोचा ओढा लागला आणि हूक जमिनीपासून अर्धा मीटर असेल तर आणखी २०० जातात. राहिले ३०५. स्टिअरिंगला चाकांनी दाद द्यायची तर ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान २० टक्के, म्हणजे ४४० किलो पुढे हवेत. त्यात चढावर ट्रॅक्टरचं स्वतःचं वजनही मागे झुकतं. हाच हूक पाऊण मीटरवर नेलात तर २०० च्या जागी ३०० जातील.

समोर, पुढच्या आसाच्या दोन फूट पुढे, २०० किलोची वजनं लावली तर पुढे साधारण २६० किलो वाढतात. कंपनीची वजनं आणि तिचाच ब्रॅकेट घ्या. मोळ्या रचताना ट्रॉलीच्या पुढच्या तोंडाशी ढीग करू नका. मात्र सगळा ऊस मागेही लोटू नका. ट्रॉलीची दांडी वर उचलू लागली की ट्रॅक्टरची मागची चाकं घसरतात आणि पिनवर उलटा झटका बसतो. शेताच्या तोंडाशी मुरूम टाकून चढाची धार मोडली तर हे दुखणं निम्मं जातं. एवढं करूनही चाकं उचलत असतील तर खेप मोठी होतेय. ती कमी करा, किंवा चार चाकी ट्रॉली घ्या, तिचं वजन हुकावर जवळजवळ येत नाही.

प्रश्न : हंगामात दोन-तीनदा तरी ट्रॉलीची पिन वाकते नाहीतर तुटते. जाड सळईची केली तरी तेच. काय चुकतंय?
— एक वाचक, कागल

उत्तर : बांधकामाची सळई पिनेसाठी नाहीच. साध्या एमएस बारची (माइल्ड स्टील, मऊ पोलाद) पिन वाकते. ईएन-८ या जास्त कणखर पोलादाची पिन चालते. जड ट्रॉलीला त्याहून मजबूत ईएन-१९ ची, हीट ट्रीटमेंट केलेली घ्या. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ते काम होतं. अशा पिनेवर मूठ किंवा वायसर वेल्डिंग करू नका. वेल्डिंगच्या कडेला पोलाद ठिसूळ होतं आणि पिन तिथेच कटकन तुटते. डोकं बारमधूनच टर्न करून घ्या.

पिन हुकाच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही पट्ट्यांतून आरपार गेली पाहिजे. खालची पट्टी झिजून भोक लांबट झालं असेल तर सगळा भार वरच्या पट्टीवर येतो आणि नवी पिनही आठवड्यात वाकते. तुमच्याकडे बहुधा हेच होतंय, म्हणून आधी पट्टीचं भोक मोजा. दांडीची रिंग आतून झिजली असेल तर वेल्डिंगनं भरू नका, फोर्जिंगची नवी रिंग बसवा.

पिन नवी असतानाच व्हर्नियरनं मोजून आकडा ट्रॉलीवर रंगवून ठेवा. ३२ मि.मी.ची पिन २९ वर आली की वाकण्याविरुद्धची तिची ताकद पाव भागानं घटलेली असते, तेव्हाच बदला. खालून लिंच पिन (कडीची अडकवायची छोटी पिन) लावा. तार गुंडाळून भागवू नका, हादऱ्यानं ती झिजते आणि पिन वर उसळून निघते. जोडीला दोन साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेदून बांधा. पिन गेली तरी दांडी त्यांच्यावर अडकते, रस्त्यात रुतत नाही. साखळी वळणाला पुरेल इतकीच सैल ठेवा. दोन ट्रॉल्या जोडत असाल तर पुढच्या ट्रॉलीच्या मागच्या हुकालाही हीच पिन आणि हीच साखळी हवी.