कमजोर पायावर वजन येऊ द्या: लकव्यानंतर चालण्याबद्दल तुमचे प्रश्न

या महिन्यात आलेली पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जवळजवळ एकाच गोष्टीबद्दल आहेत, लकवा होऊन गेला, पेशंट दवाखान्यातून घरी आला, आता तो चालणार कधी आणि आम्ही काय करायचं. त्यातले चार घेतेय. नावं टाकत नाही, फक्त नागपुरातला मोहल्ला.

प्रश्न: माझ्या सासऱ्यांना (वय ६२) दीड महिन्याआधी उजव्या अंगाला लकवा मारला. आता बसतात, बोलणंही बरंच साफ झालं. सकाळ-संध्याकाळ आमचे हे आणि दीर दोन्हीकडून काखेत हात घालून त्यांना हॉलमध्ये चालवतात, पण पाय नुसता घासत येतो. एक फिजिओ म्हणतात बोबाथ करू, दुसरे म्हणतात पीएनएफ, आणि एका सेंटरमध्ये पट्ट्यांनी मशीनवर टांगून चालवतात म्हणे पण ते पैसे खूप सांगून राहिले. कोणतं करावं? (एक सून, मानेवाडा)

उत्तर: ताई, आधी ते काखेत हात घालून फिरवणं बंद करा, आजपासूनच. दोघा धडधाकट माणसांनी उचलून धरलं की सगळं वजन त्यांच्या खांद्यावर जातं, सासऱ्यांच्या पायावर काहीच येत नाही, मग पायानं शिकावं तरी काय. आणि लकव्याच्या बाजूचा खांदा सुरुवातीला ढिला असतो, हाड खोबणीतून थोडं खाली आलेलं असतं, त्याला रोज काखेतून वर ओढलं की खांदा दुखायला लागतो, आणि एकदा खांदा धरला की माणूस व्यायामाचं नावच काढू देत नाही. धरायचंच असेल तर कमरेला रुंद पट्टा बांधा आणि कमजोर बाजूला जरासं मागे उभं राहून तो पट्टा धरा.

आता पद्धतींचं. बोबाथ म्हणजे लंडनमध्ये बर्टा बोबाथ यांनी १९४० च्या दशकापासून उभी केलेली पद्धत, त्यात थेरपिस्ट हातानं धरून हालचाल बरोबर करवून घेतो. पीएनएफ अमेरिकेतली, डॉ. हर्मन कबाट यांची, तिच्यात हातापायाच्या तिरप्या हालचाली असतात. आणि तिसरी एक आहे जिचं नाव तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, सिडनीच्या कार आणि शेफर्ड यांची, १९८२ ची, तिचं म्हणणं साधं की जे यायला हवं तेच करून घ्या, उठायचं असेल तर उठणं, चालायचं असेल तर चालणं. यातली कोणती भारी यावर वर्षानुवर्षं वाद चाललाय. २०१४ मध्ये कोक्रेननं (उपचारांवरचे अभ्यास गोळा करून तपासणारी संस्था) ९६ अभ्यास आणि दहा हजारांवर पेशंट एकत्र करून पाहिलं तेव्हा कोणतीही एक पद्धत दुसरीपेक्षा सरस निघाली नाही, पण व्यायाम केलेल्यांना न केलेल्यांपेक्षा फायदा झाला, आणि रोज ३० ते ६० मिनिटं, आठवड्यातून ५ ते ७ दिवस, एवढं केलेलं कामी येतं असं दिसलं. त्यामुळे फिजिओला पद्धतीचं नाव विचारू नका, तासाभरात सासरे स्वतःच्या पायावर किती वेळा उभे राहिले ते मोजा. नुसते पलंगावर झोपवून पाय वरखाली करून, वर करंट लावून जात असेल तर दुसरा पाहा.

मशीनबद्दल. ट्रेडमिलवर पट्ट्यांनी थोडं वजन उचलून चालवतात ते वाईट नाही, पण अमेरिकेत ४०८ पेशंटवर याचा मोठा अभ्यास झाला, २०११ मध्ये छापून आला. काहींना दुसऱ्या महिन्यापासून मशीन, काहींना सहाव्या महिन्यापासून मशीन, आणि काहींना फक्त घरी येऊन ताकद आणि बॅलन्सचे व्यायाम. वर्षानंतर ५२ टक्के लोकांची चाल वरच्या पायरीवर गेली होती आणि तिन्ही गटांत फरक नव्हता. म्हणून तेवढ्या पैशात घरी नियमित येणारा चांगला फिजिओ मिळत असेल तर मी तोच घेईन.

घरी काय करायचं ते आता नीट सांगते, कारण सगळी मेख इथे आहे. लकव्याचा माणूस उठताना आपोआप चांगल्या पायावर झुकतो आणि कमजोर पायाला सुट्टी देतो, त्याला ते कळतही नाही. एक घट्ट खुर्ची घ्या, ती घसरत जाणारी प्लास्टिकची नको, आणि पाठ भिंतीला लावून ठेवा. सुरुवातीला उंच बसवा, खुर्चीवर घट्ट गादी टाका किंवा दिवाणावर बसवा, जितकं उंच तितकं उठणं सोपं. दोन्ही पावलं गुडघ्याच्या जरा मागे घ्या, मग चांगलं पाऊल चार बोटं पुढे सरकवा, म्हणजे मागच्या कमजोर पायालाच वजन घ्यावं लागतं. दोन्ही हात एकमेकांत गुंतवून पुढे लांब करायचे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाकायचं, आणि मग उठायचं. बसताना धप्पकन नाही, हळू, खरा व्यायाम तर बसण्यातच आहे. ५-५ वेळा करत दिवसातून बरेचदा. जमायला लागलं की गादी काढून टाका.

आणि एक गंमत करून पाहा. घरात वजनकाटा असेल तर कमजोर पाऊल त्यावर ठेवा आणि चांगलं पाऊल तेवढ्याच उंचीच्या फळीवर, समोर ओट्याचा आधार, मागे खुर्ची, बाजूला तुम्ही. समजा सासऱ्यांचं वजन ७० किलो आहे तर काट्यावर ३०-३५ यायला पाहिजे, पहिल्या दिवशी १२-१५ दिसेल बघा. तो आकडा त्यांना स्वतःला पाहू द्या. "बाबा, वजन टाका, वजन टाका" असं शंभरदा ओरडण्यापेक्षा काटा लवकर समजावतो, आणि पुरुष मंडळी तर आकड्याशी स्पर्धाच लावतात. हे बरं जमलं की ओट्याला धरून चांगला पाय लाकडी पाटावर ठेवायचा आणि खाली घ्यायचा, तेवढा वेळ सगळा भार कमजोर पायावर. पाऊल टाकायची तयारी म्हणतात ती हीच, हॉलमधल्या फेऱ्या यानंतर.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचं वेगळं सांगायला नको, एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत आटपा. बीपीच्या गोळ्या चालू असताना या गरमीत पाणी कमी पडलं की उभं राहिल्याबरोबर चक्कर येते, म्हणून उठल्यावर क्षणभर थांबून मग पुढचं. आणि कूलरच्या आजूबाजूची ओली फरशी, अरे बाप्पा, ती रोज पुसा, चांगला सुधारलेला पेशंट कूलरमध्ये पाणी भरताना सांडलेल्या पाण्यावर घसरून कंबरेचं हाड मोडून बसतो आणि मग सगळं पहिल्यापासून.

प्रश्न: आईला डाव्या अंगाला लकवा आहे. सोफ्यावर बसवली की डावीकडे कलंडते, सरळ करायला गेलो की उजव्या हातानं उलट जोर लावते आणि अजूनच पडते. आम्हाला वाटतं ती मुद्दाम करून राहिली. भाऊ तर चिडून बोलतो तिला. (एक मुलगी, महाल)

उत्तर: भावाला सांगा चिडू नको रे, आई हट्ट करत नाहीये. काही लकव्यांमध्ये, आणि उजव्या मेंदूला (डावं अंग तोच चालवतो) मार बसला की जास्त, मेंदूतली 'सरळ' ची जाणीवच तिरकी होते, आपल्याला ती सरळ दिसते तेव्हा तिला वाटतं मी उजवीकडे पडतेय, म्हणून ती चांगल्या हातापायानं स्वतःला डावीकडे ढकलते. तुम्ही ढकललं की ती जास्त घाबरते आणि जास्त जोर लावते, या ढकलाढकलीत तुम्ही जिंकणार नाही.

गंमत अशी की डोळ्यांनी तिला सरळ बरोबर कळतं. म्हणून तिच्यासमोर दाराची चौकट किंवा खिडकीचा गज येईल असं बसवा आणि विचारा, आई, चौकट कशी आहे, तू कशी आहेस. तिला तिचं उत्तर काढू द्या. चांगली बाजू, म्हणजे उजवी, भिंतीजवळ ठेवा आणि खांदा भिंतीला टेकव म्हणा, पडायची भीती गेली की जोर सुटतो. उजवीकडे वस्तू ठेवा, पाण्याचा ग्लास, चष्मा, जपमाळ, जे तिला हवं असेल ते, आणि स्वतः हात लांबवून घेऊ द्या, म्हणजे ती आपल्या मनानं उजवीकडे येते. ती जेवताना ताटाच्या डाव्या अर्ध्यातलं तसंच ठेवते का तेही पाहा, तसं असेल तर डॉक्टरांना सांगा, डाव्या बाजूकडे लक्षच न जाणं हा वेगळा त्रास त्यासोबत असतो. हे ढकलणं बहुतेकांचं काही महिन्यांत जातं, सहा महिन्यांनंतर क्वचितच राहतं. तोवर मात्र तिला एकटीला पलंगाच्या काठावर बसवून कोणीही आत जायचं नाही.

प्रश्न: मी ४८ चा, लकवा होऊन ८ महिने झाले, काठी घेऊन चालतो. पाऊल लटकतं आणि वजन टाकलं की गुडघा मागे खाटकन जातो. सगळे म्हणतात सहा महिन्यांत जे आलं तेच, आता काही होत नाही. इतवारीत दुकान आहे, जायचं आहे मला. (एक वाचक, सक्करदरा)

उत्तर: भाऊ, सुधारणा सुरुवातीच्या तीन-सहा महिन्यांत सगळ्यात जोरात होते हे खरं, पण त्यानंतर दार बंद होतं हे खरं नाही. वर सांगितलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात एका गटाची मशीनवरची ट्रेनिंग सुरूच सहाव्या महिन्यात झाली, तरी वर्षाच्या शेवटी ते बाकीच्यांइतकेच पुढे होते.

गुडघा मागे जातो त्यात पोटरी आखडलेली असणं आणि मांडीची ताकद नीट वापरता न येणं, दोन्ही असू शकतं, म्हणून फिजिओकडून आधी घोटा तपासून घ्या. पोटरी फार ताठ असेल तर डॉक्टर बोटॉक्सचं इंजेक्शनही सुचवतात. लटकणाऱ्या पावलाला एएफओ म्हणजे पाऊल आणि घोटा धरून ठेवणारा प्लास्टिकचा पट्टा मिळतो, तो मापानं बनवून घ्या, दुकानातला तयार उचलून आणू नका. आणि आपल्या घरात एक भानगड असते, आपण चपला दाराबाहेर काढतो, मग लोक नुसता एएफओ घालून टाइल्सवर फिरतात आणि सटकतात. घरात घालायला मागे पट्टा असलेली वेगळी स्वच्छ सँडल ठेवा, आई ओरडली तरी.

काठी चांगल्या हातात, उंची मनगटाच्या घडीपर्यंत. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी.

दुकानाचं म्हणाल तर १० मीटर मोजा आणि घड्याळ लावा. २५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर सध्या घर आणि अंगण, साडेबारा सेकंदांच्या आत आलात तर बाहेरच्या जगात बऱ्यापैकी निभतं. इतवारीतली गर्दी, हातगाड्या, मागून हॉर्न मारणारे टू-व्हीलरवाले, त्यात थेट जाऊ नका, आधी एखाद्या बागेत सकाळी चाला, तेही बोलत बोलत, मान वळवत, हातात पिशवी घेऊन. चालताना बोलायला लागलं की पाय थांबत असतील तर अजून सराव हवाय. पहिल्यांदा दुकानात जाल तर दुपारी, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा.

प्रश्न: कबुतराच्या रक्तानं मालिश केली की लकवा लवकर जातो असं आमच्या गावाकडचे म्हणतात. खरं का? (एक वाचक, काटोल रोड)

उत्तर: नाही. नुकसान मेंदूत झालंय, कातडीवर काहीही चोळून तिथे पोहोचत नाही, ते कबुतर बिचारं सोडून द्या. साध्या तेलाची हलकी मालिश आवडत असेल तर करा, बरं वाटतं, पण मालिशवाल्यानं खांद्याला झटके द्यायचे नाहीत आणि मालिश झाली म्हणजे आजचा व्यायाम झाला असं धरायचं नाही. खर्चाची अडचण असेल तर मेडिकलला किंवा मेयोला (आपली दोन सरकारी रुग्णालयं) फिजिओथेरपी विभागात दाखवा, जाताना डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅनची फिल्म आणि चालू गोळ्या सोबत न्या, आणि पेशंटला ढगळ पँट घालून न्या, गुडघा दिसला पाहिजे.