सही करण्याआधी वॉर्डला फोन लाव

प्रिय डॉक्टर,

तुझा मेसेज वाचला. जठराच्या बायॉप्सीत सिग्नेट रिंग (खड्याच्या अंगठीसारख्या दिसणाऱ्या) पेशी दिसल्या आणि तू ‘जठराचा कर्करोग’ असा रिपोर्ट टाइपही करून ठेवलास. सही मात्र आज करू नकोस. स्तनाचा कर्करोग जठरात पसरला तरी अशाच पेशी दिसू शकतात. फॉर्मवर ‘जठराची बायॉप्सी, कॅन्सर आहे का पाहणे’ एवढंच खरडलेलं असेल, तर वॉर्डला फोन लावून विचार: बाईंचं पूर्वी स्तनाचं ऑपरेशन झालंय का? घरचे आपणहून सांगत नाहीत. त्यांच्या लेखी तो आजार केव्हाच बरा झालेला असतो. हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारा) आजार वीस वर्षांनीही उलटू शकतो, हे त्यांना कोण सांगणार?

स्तनाचा कर्करोग पसरला का, हे हाडं, फुप्फुसं, यकृत, मेंदू इथे सगळेच शोधतात. चकवतो तो त्याचा लोब्युलर प्रकार. स्तनाच्या कर्करोगात त्याचा वाटा साधारण 10 ते 15 टक्के, पण जठर, आतडी, पेरिटोनियम (पोटाचं आतलं आवरण), अंडाशय, डोळ्याची खोबण अशा आडजागी जायची खोड त्यालाच जास्त. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन त्यात बहुधा नसतं. मग पेशी गाठ न बांधता मुंग्यांसारख्या एका रांगेत ऊतीत शिरत जातात. एफडीजी पेट स्कॅनवरही पुष्कळदा फारसं काही उजळत नाही. एंडोस्कोपीत अस्तर धडधाकट दिसतं, खालची भिंत मात्र जाड आणि ताठ. वरवरचा चिमटा घेतला की रिपोर्ट येतो ‘गॅस्ट्रायटिस’, म्हणजे नुसती जठराची सूज. अशा वेळी ‘खोलवरचा तुकडा पाठवा’ असं स्पष्ट लिहायचं. एंडोस्कोपीवाल्यांना राग आला तर येऊ दे.

आता मार्कर, म्हणजे पेशी मूळ कुठल्या अवयवाच्या हे ओळखायला रंगवून पाहायची प्रथिनं. ई-कॅडहेरिन गेलंय, म्हणजे आजार स्तनाचाच, असं समजू नकोस. जठराच्या डिफ्यूज (गाठ न बांधता पसरणाऱ्या) कर्करोगातही ते जातं. सीके7 दोन्हीकडे पॉझिटिव्ह येऊ शकतं, त्यामुळे एकट्या त्याचा उपयोग नाही. गाटा3 आणि ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) पॉझिटिव्ह, सीडीएक्स2 आणि सीके20 निगेटिव्ह, असं चित्र जमलं तर पारडं स्तनाकडे झुकतं. अंडाशयाचा तुकडा असेल तर पॅक्स8 लावच, कारण तिथल्या मूळच्या कर्करोगातही ईआर पॉझिटिव्ह येतो. ट्रिपल निगेटिव्हमध्ये, म्हणजे ईआर, पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर) आणि हर2 हे तिन्ही मार्कर निगेटिव्ह असलेल्या स्तनाच्या कर्करोगात, गाटा3 दगा देऊ शकतं. तिथे टीआरपीएस1 मदतीला येतं. आणि स्तनाच्या ऑपरेशनचा जुना ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) मागव. दोन्ही स्लाइड शेजारी ठेवून पाहिल्या की निम्मा वाद तिथेच मिटतो. जुना रिपोर्ट हाती आला म्हणून भागत नाही, स्लाइड स्वतः बघ.

ओपीडीतल्यांनाही दोन गोष्टी सांगून ठेव. खोबणीत आजार गेला की डोळा बाहेर येतो असं आपण शिकतो. स्तनाच्या कर्करोगात तंतुमय ऊती आकसून तो उलट आतही ओढला जातो. आणि हनुवटी बधिर झाल्याची तक्रार दाताच्या डॉक्टरकडे ढकलायची नाही. आजार पसरून जबड्याच्या हाडात किंवा कवटीच्या तळाशी नस दाबली गेली असेल.

निदान स्तनाचं ठरलं तर ईआर, पीआर, हर2 या नव्या तुकड्यावर पुन्हा कर; इतक्या वर्षांत ते बदललेले असू शकतात. अशा बाईंचं जठर सहसा काढायचं नसतं, औषधांनी आजार आटोक्यात ठेवायचा असतो. सर्जननी ऑपरेशनची तारीख दिली असेल, तर आधी त्यांना फोन कर, मग मार्कर लाव.

तुझा,
सर