घर सेंटरजवळ घेऊ नका, आधी पॉलिसी विचारा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यजमानांची बदली न्यू जर्सीला, निघायचं नोव्हेंबरात, मुलगा साडेचार वर्षांचा, ऑटिझमचं निदान पुण्यात झालेलं. एबीए, म्हणजे वागणूक आणि कौशल्यं शिकवणारी थेरपी, तिचं सगळ्यात चांगलं सेंटर कोणतं ते कळलं तर घर त्याच्याच जवळ घ्यायचं. हा क्रम उलटा आहे. इथे आधी पॉलिसी, मग शाळेचा डिस्ट्रिक्ट (पत्त्यावरून ठरणारा सरकारी शाळांचा विभाग), मग घर, आणि सेंटर सगळ्यात शेवटी. व्हिसा, विमान, सामान हे कंपनीचे वकील सांगतीलच, त्यावर मी शब्द खर्च करत नाही.

यजमानांना एचआरला एकच प्रश्न लेखी विचारायला सांगा: आपला आरोग्यविमा 'सेल्फ-फंडेड' आहे की 'फुली इन्शुअर्ड'? कार्डावर दोन्हींत त्याच विमा कंपनीचं नाव असतं, म्हणून कार्ड बघून कळत नाही. ऑटिझमच्या उपचारांचा खर्च द्यायलाच हवा असा न्यू जर्सीचा कायदा आहे, पण तो फुली इन्शुअर्ड, म्हणजे खर्च विमा कंपनी स्वतः देते अशा पॉलिसीला लागतो. सेल्फ-फंडेडमध्ये पैसे मालकाचे, म्हणजे नोकरी देणाऱ्या कंपनीचे जातात आणि त्यावर राज्याचा कायदा चालत नाही, फक्त केंद्राचे नियम चालतात. मोठ्या कंपन्या बहुधा सेल्फ-फंडेड असतात. तिथे एबीए मिळतं का, किती मिळतं, हे 'समरी प्लॅन डिस्क्रिप्शन' नावाच्या जाड दस्तऐवजात लिहिलेलं असतं. तो पीडीएफ निघण्याआधी मागवा आणि 'ॲप्लाइड बिहेवियर ॲनालिसिस' हे शब्द त्यात शोधा.

दुसरं, डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी दरवर्षी आपण खिशातून भरायची रक्कम. बहुतेक पॉलिसींचं वर्ष 1 जानेवारीला नव्याने सुरू होतं. नोव्हेंबरात येऊन लगेच थेरपी सुरू केली, तर दोन महिन्यांत एक डिडक्टिबल भराल आणि जानेवारीत दुसरं. वर्षाची खर्चाची कमाल मर्यादा किती आणि को-पे (आपण भरायची ठरावीक रक्कम) दर भेटीला की दर दिवसाला, हेही विचारून ठेवा. आठवड्याला पाच दिवस थेरपी असली की 30 डॉलरचा को-पे महिन्याला 600 च्या वर जातो.

निदानाचा कागद. आपलं यूडीआयडी हे अपंगत्वाचं कार्ड आणि आयएसएए या भारतीय ऑटिझम चाचणीचे गुण इथे विमा कंपनीला काही सांगत नाहीत. पुण्याच्या डॉक्टरांकडून इंग्रजीत सविस्तर अहवाल घ्या: डीएसएम-5 या अमेरिकी निदान-पुस्तिकेचे निकष, वापरलेल्या चाचण्यांची नावं, तारीख, सही, नोंदणी क्रमांक. एडीओएस-2 ही ऑटिझमची निरीक्षण चाचणी झाली असेल तर तिचे गुण वेगळे मागा. तरीही बऱ्याचदा इथे पुन्हा तपासणी मागतात आणि डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनची (मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांची) वेळ मिळायला महिने लागतात. म्हणून पत्ता ठरायच्या आधीच दोन-तीन ठिकाणी वेटिंग लिस्टला नाव घाला. आत्ताच्या थेरपिस्टकडच्या नोंदी आणि मुलाच्या रोजच्या वागण्याच्या दोन-दोन मिनिटांच्या चित्रफितीही आणा. नव्या माणसाला त्या अहवालापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

आता सेंटर. पाटीवरचं नाव सोडा. मुलाजवळ रोज बसणार तो आरबीटी, म्हणजे 40 तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा झालेला, बहुधा विशीतला तरुण. योजना आखते ती बीसीबीए, मास्टर्स झालेली. तुम्हाला भेटीच्या दिवशी दिसते ती बीसीबीए, मुलाला मिळतो तो आरबीटी. त्यामुळे सगळा प्रश्न हाच, की या दोघांची गाठ किती वेळा पडते. प्रमाणपत्र टिकवायला आरबीटीच्या कामाच्या तासांपैकी फक्त 5 टक्क्यांवर देखरेख असली तरी चालते. व्यवसायाच्या स्वतःच्या मार्गदर्शक सूचना मात्र दर 10 तासांमागे एक ते दोन तास सांगतात. आठवड्याला 20 तास धरले तर महिन्याला 80, म्हणजे एकीकडे 4 तास, दुसरीकडे 8 ते 16. तुमच्याकडे किती, हे थेट विचारा.

उत्तर गुळमुळीत आलं तर बिलावरून कळतं. 97153 हा कोड आरबीटीच्या तासांचा, 97155 बीसीबीएने योजना बदलण्याचा, 97156 पालकांच्या प्रशिक्षणाचा, 97151 सुरुवातीच्या मूल्यमापनाचा. प्रत्येक युनिट 15 मिनिटांचं. 20 तासांचे आठवड्याला 80 युनिट, सहा महिन्यांच्या मंजुरीत 2,080. विमा कंपनीकडून येणाऱ्या हिशेबाच्या पत्रात 97155 महिन्याभरात दिसलाच नाही, तर कुणी बघायला आलं नाही असं समजा. आणि कोऱ्या टाइमशीटवर सही करू नका, कितीही घाई असो.

आणखी विचारायचं ते असं. बीसीबीएकडे एकूण मुलं किती? गेल्या वर्षात किती आरबीटी सोडून गेले? आमच्या मुलाचा आरबीटी गेला तर मधले आठवडे कोण येणार? रडायला लागला, उठून गेला, तर तुम्ही काय करता? शेवटच्या प्रश्नावर 'मागणी मागे घ्यायची नाही, पूर्ण करून घ्यायचं' असं उत्तर आलं तर चहा न घेता निघा. हात फडफडवणं बंद करणं किंवा नजरेला नजर देणं हे उद्दिष्ट म्हणून लिहून दिलं तर त्याने मुलाचा काय फायदा, हे विचारा. चांगली बीसीबीए ते स्वतःच खोडते.

मूल्यमापनाआधीच 'आठवड्याला 40 तास' सांगणाऱ्यापासून जपून. हा आकडा मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या 1987 च्या अभ्यासातून आला. त्यात 19 मुलांना 40 तासांहून जास्त थेरपी दिली आणि 9 जण नेहमीच्या पहिलीत गेले, पण मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते आणि शिक्षाही वापरलेली होती. साडेचार वर्षांच्या मुलाचे 40 तास म्हणजे पूर्ण नोकरी. तरीही आकडा ऐकून आपल्याला धीर येतो. त्या धीरात अपराधीपणाच जास्त असतो. माझ्यात होता, म्हणून सांगते.

या तासांपायीच सेंटरवाले सुचवतात, 'सहा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची नाही, आमच्याकडेच ठेवा.' पहिला भाग खरा आहे, दुसरा त्यांच्या सोयीचा. तिसऱ्या वर्षापासून विशेष शिक्षण फुकट देणं ही सरकारी शाळेची जबाबदारी आहे, व्हिसा कोणताही असो. पोचल्यावर डिस्ट्रिक्टच्या स्पेशल सर्व्हिसेस विभागाला मूल्यमापनाची मागणी लेखी द्या, तारखेसकट. तोंडी बोलणं धरलं जात नाही. पत्र मिळाल्यापासून 20 दिवसांत बैठक घ्यावी लागते, तुमची संमती मिळाल्यापासून 90 दिवसांत तपासण्या होऊन आयईपी, म्हणजे मुलाचा स्वतंत्र शिक्षण-आराखडा, सुरू व्हावा लागतो. पहिला आयईपी तुमच्या सहीशिवाय लागू होत नाही. त्यानंतरचे बदल मात्र तुम्ही 15 दिवसांत लेखी हरकत घेऊन मध्यस्थी किंवा सुनावणी मागितली नाही, तर आपोआप लागू होतात. 'बघू, विचार करू' म्हणत शांत राहणं म्हणजे होकार. आपल्याकडे गप्प बसणं हा सभ्यपणा असतो, इथे ते कागदावर संमती म्हणून जातं. ही गोष्ट मला आजही डाचते, एवढंच लिहिते.

नोकरी गेली तर एच-1बी वर साधारण 60 दिवस हातात असतात. कोब्रा नावाच्या कायद्याखाली कंपनीचा विमा 18 महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो, पण हप्ता पूर्ण तुमचा, वर 2 टक्के. थेरपी सुरू करताना हे डोक्यात असू द्या.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. मंडळाच्या गणपतीला त्याला न्यायचं की नाही, हा प्रश्न दरवर्षी नव्याने पडतो. पुढे जाऊ.

घरी मराठी बंद करा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत आढळलेलं नाही. हाताने जेवणं हे अपुरं कौशल्य नाही, हेही सांगावं लागेल. बक्षीस म्हणून गमीज देतात त्यांत बहुधा जिलेटिन असतं, खात नसाल तर आधी सांगा. पहिल्या दिवशी बीसीबीएला वीस-पंचवीस शब्दांची यादी रोमन लिपीत, अर्थासह द्या: पाणी, दे, नको, शू, आजी, भूभू. 'बास' नक्की घाला. थांबा म्हणायला त्याच्याकडे तोच शब्द असेल, आणि समोरच्याला तो कळला नाही तर त्या दिवसाच्या नोंदीत 'सहकार्य केलं नाही' एवढंच लिहिलं जातं.